घरपट्टी एकदम वाढली, नमुना ८ मध्ये काय तपासायचं?

प्रश्न
गाव औसा तालुक्यातलं, भूकंपानंतर वसवलेलं. आमचं घर ७५० चौरस फुटांच्या गटातलं, वडिलांच्या नावावर. औंदा फेरआकारणी झाली आणि घरपट्टी लय वाढली. विचारलं तर "रेडीरेकनरनं (सरकारी बाजारमूल्याच्या दरतक्त्यानं) केलंय, आमच्या हातात काही नाही" म्हणायलेत. भिंतींना तडे गेलेत, स्लॅब गळायलाय. एवढी किंमत धरली कशी?

उत्तर (निवृत्त ग्रामसेवक, धाराशिव)
दादा, मागणी बिलावरून काही कळणार नाही, आधी नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा, उतारा काढा. २०१५ च्या शेवटी नियम बदलले, तेव्हापासून घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या धरलेल्या किमतीवर, आहे. क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर; त्यात क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर, घसारा (घर जुनं झाल्याची घट) धरून, मिळवायचा. बेरजेला वापराचा भारांक (राहायचं घर की दुकान, त्याप्रमाणं गुणक) लावायचा. त्यावर दर हजारी काही पैसे कर, आणि तो दर शासनाच्या मर्यादेत राहून ग्रामपंचायतच ठरवते. त्यामुळं "आमच्या हातात काही नाही" हे मला पटत नाही.

रेडीरेकनरचे दर चौरस मीटरचे असतात. तुमचे ७५० फूट म्हणजे ६९.७ मीटर. मीटरच्या रकान्यात ७५० पडले असतील तर कर पावणेअकरा पट होतो. मग बांधकामाचं वर्ष बघा. घसारा त्याच्यावरच ठरतो, आणि १९९३ नंतरच्या पुनर्वसनाच्या घरांना तो मिळालाच पाहिजे.

उत्तर (ग्रामपंचायत सदस्य, निलंगा)
बांधकामाचा प्रकारही बघा. आमच्याकडं माळवदाची (लाकूड-मातीच्या छताची) घरं स्लॅबच्या वर्गात टाकली होती. म्हाताऱ्या माणसांना उतारा वाचता येत नाही, त्यांचं कोण बघणार? आम्ही घरोघर फिरून हरकती लिहून घेतल्या. वडील माजी सैनिक असतील तर घरपट्टी माफीची योजना आहे, तेही विचारा.

प्रश्नकर्ता
उतारा मिळाला. मीटर बरोबर आहेत, पण बांधकामाचं वर्ष २०२१ लिहिलंय. त्या साली आम्ही मागं पत्र्याची खोली काढली होती.

निवृत्त ग्रामसेवक
मग तिथंच घोळ आहे. खोलीचं वर्ष अख्ख्या घराला लावलंय. घर आणि पत्र्याची खोली यांच्या नोंदी वेगळ्या करा म्हणून लेखी अर्ज द्या, घराच्या ताब्याचा कागद जोडा आणि पोच घ्या. अर्जावर वडिलांची सही लागेल. ग्रामपंचायतीनं ऐकलं नाही तर पंचायत समितीकडं अपील करता येतं. शेजाऱ्यांचे उतारेही बघा. ज्यांनी मागं खोली काढलीय, त्यांचंही असंच झालं असेल.