कंचेभागुबेव मधला 'चे' म्हणजे नक्की काय?

फोडणीचा_भात:
काल पोरीची गणिताची वही बघत होते, पाचवीला आहे, सेमी. १० − ४ + ३ चं उत्तर तिने ३ लिहिलंय आणि त्यावर लाल पेनाने भली मोठी फुली. म्हटलं हे काय गं, तर म्हणे मम्मी 'बे' आधी येतो ना 'व'च्या, मग चार नि तीन सात, दहातून सात गेले तीन. आता काय बोलणार, कंचेभागुबेव, म्हणजे कोणती क्रिया आधी करायची त्या क्रमाचा मंत्र, मीच शिकवलेला, आम्ही शाळेत एका दमात म्हणायचो. तर चुकलं कुठे ते सांगाच, पण खरा प्रश्न शब्दाचा आहे. कं म्हणजे कंस, भा भागाकार, गु गुणाकार, बे बेरीज, व वजाबाकी, हे सगळे कळतात, मधला 'चे' कोण? मला इतकी वर्षं तो नुसता म्हणायला बरं वाटावं म्हणून घातलेला वाटायचा, हिंदीत गोट्यांना कंचे म्हणतात तसलं काहीतरी.

खडूफळा:
गोट्या 😄 ताई, 'चे' म्हणजे आपला चा-ची-चे मधलाच चे, षष्ठीचा प्रत्यय. इंग्रजीवाल्यांचा असाच मंत्र बोडमास (ब्रॅकेट, ऑफ, डिव्हिजन, मल्टिप्लिकेशन, अ‍ॅडिशन, सबट्रॅक्शन), त्यात जो 'ओ' आहे, ऑफ, तोच. "१२ चे १/३" असं लिहिलं की तो गुणाकारच असतो पण जास्त घट्ट बांधलेला, म्हणून भागाकाराच्याही आधी करायचा. हे सोडवून बघा, ३६ ÷ १२ चे १/३. आधी बाराचा तिसरा हिस्सा ४, मग ३६ भागिले ४, उत्तर ९. आता 'चे' काढून तिथे गुणिले टाका, ३६ ÷ १२ × १/३, डावीकडून जायचं, ३६ भागिले १२ तीन, त्याचा तिसरा हिस्सा १. नऊ कुठे नि एक कुठे. आम्ही मुलांना हे नियम म्हणून सांगायचोच नाही, वाचायला लावायचो. "छत्तीसला बाराच्या तिसऱ्या हिश्श्याने भाग" म्हटलं की पोरगं आपोआप आधी तो हिस्सा काढतं.
बाकी काही जण बोडमासच्या 'ओ'ला ऑर्डर म्हणजे घात समजतात, त्यांचंही चूक नाही, तिकडे तसं शिकवतात. आपल्या कंचेभागुबेव मध्ये घाताला जागाच नाही, म्हणून ३ × २² चं ३६ करणारे दरवर्षी भेटायचे. १२ आहे ते.

जुनी_पोथी:
'चे'ची गोष्ट फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) भागाचा भाग काढायचा असेल त्याला वेगळं नावच आहे, प्रभागजाती. उदाहरण तर भन्नाट आहे. एका कंजूष माणसाने भिकाऱ्याला किती दिलं, तर द्रम्माच्या (तेव्हाचं नाणं) अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पाचव्या हिश्श्याच्या सोळाव्या हिश्श्याचा पाव. नुसते चे, चे, चे! सगळं गुणलं की येतं १/१२८०, आणि एका द्रम्माच्या कवड्या होतात १२८०, म्हणजे त्या चिकटोबाने दिली मोजून एक कवडी. एवढ्या ओळीत कंस एकही नाही, सगळं षष्ठीवर चाललंय.

गल्लापेटी:
आमच्याकडे येऊन बघा कंचेभागुबेव. मागचे ५० बाकी आणि चाळीसची ३ पाकिटं, पोऱ्याने दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर दाबलं ५० + ३ × ४० आणि गिऱ्हाइकाला म्हणाला दोन हजार एकशे वीस. गिऱ्हाईक हसायला लागलं, त्यांनी मोबाईलमध्ये तेच दाबलं तर १७०. मशीन बिघडलेलं नाही हो, साधा डबा जसं दाबाल तसं लगेच करत जातो, त्रेपन्न झाले की त्रेपन्नला चाळीसने गुणून मोकळा. म्हणून आम्ही ३ × ४० एम प्लस (आकडा मेमरीत जमा करायचं बटण), ५० एम प्लस, मग एमआरसी, म्हणजे जमलेली बेरीज दाखव. एम प्लस हाच आमचा कंस.

खडूफळा:
@गल्लापेटी हे वर्गात सांगायला हवं होतं 😀

जुनी_पोथी:
मराठी बोलण्यातही कंस लपलेले आहेत बघा. "एकशे पंचवीस" म्हणजे १०० + २५, आधी शंभराचा हिशोब मग बेरीज. पण "सव्वादोनशे" म्हणजे? आधी दोन नि पाव एकत्र, मग गुणिले शंभर. (२ + १/४) × १००. 'शे' चिकटला की अलीकडचं सगळं कंसात. कोणी दोनशे सव्वा समजत नाही.

फोडणीचा_भात:
वा, पण माझ्या फुलीचं काय?

खडूफळा:
हो ते राहिलंच. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या, जी डावीकडे आधी येईल ती आधी. दहातून चार गेले सहा, सहा नि तीन ९. भागाकार-गुणाकाराचंही तसंच.

तिरकी_रेघ:
एक गंमत सांगू का सर, मी आत्ता कागदावर करून बघितली. 'भागु' शब्दशः पाळला, नेहमी भागाकार आधी, तरी उत्तर कधीच चुकत नाही. १२ × ६ ÷ ३ डावीकडून ७२ ÷ ३ = २४, भागाकार आधी केला तर १२ × २, तेही २४. पण 'बेव' शब्दशः पाळला की फसतो, ताईंच्या लेकीसारखा. उलट 'वबे' केला असता, वजाबाकी आधी, तर १० − ४ + ३ बरोबर येतं आणि ८ + ५ − २ पण ८ + ३ = ११, बरोबरच. म्हणजे मंत्र कंचेभागुवबे असता तर अर्ध्या फुल्या वाचल्या असत्या. ज्याने कोणी बनवला त्याने बहुधा बोडमासची नक्कल केली आणि त्यांची चूक पण घेतली.

खडूफळा:
चाळीस वर्षं शिकवलं, हे डोक्यात आलं नव्हतं. आता परत एकदा करून बघतो.

बघ्या_१:
मग २०१९ मध्ये गाजलेलं ८ ÷ २(२+२) चं उत्तर सांगा ना, १६ की १?

तिरकी_रेघ:
आला हा 🙄

जुनी_पोथी:
मराठीत वाचा, भांडण कुठे आहे ते ऐकू येईल. "आठ भागिले दोनाची चौपट" म्हटलं तर १. "आठ भागिले दोन, त्याची चौपट" म्हटलं तर १६. लिहिणाऱ्याने 'त्याची' खाल्लंय की 'चे' खाल्लाय तेच कळत नाही. मला विचाराल तर आणखी एक कंस टाकायला काय पैसे पडतात का.

फोडणीचा_भात:
लेकीला सगळं वाचून दाखवलं. ९ कसे ते पटलं. पण आता म्हणते आपण "बाराचा एक तृतीयांश" म्हणतो ना मम्मी, बाराचे कुठे म्हणतो, मग कंचाभागुबेव हवं. सर, तुम्हीच बघा.