मदत हवी आहे: गोव्यातलं पडकं कॉन्व्हेंट, वर गाडी जाते का?

पऱ्हाटी_दर्यापूर
नमस्कार मंडळी. गोव्याला जे पडकं कॉन्व्हेंट आहे तिथे वरपर्यंत गाडी जाते का? पायऱ्या किती आहेत? दोन तासात होते का? मोबाईलवर पाहून पाहून डोकं उठलं. एक म्हणते दहा मिनिटं पुरे, दुसरा म्हणते अर्धा दिवस ठेवा. आज रात्री गाडीवाल्याला पक्कं सांगायचं आहे, म्हणून लवकर सांगा. सोबत बाबा आहेत.

वऱ्हाडी_ठेचा
कोनतं कान्व्हेंट भाऊ? आमच्या अंजनगावात चार हायेत. पाचव्याचं बांधकाम सुरू हाय, थे आत्तापासूनच पडकं दिसते.

सौ_मंदा_कारंजा
माझं ऐका, कॉन्व्हेंटच्या नादी लागू नका. आमच्या नातवाला घातलं होतं. फी भरून भरून कंबर मोडली आणि पोराला धड पाढे येत नाहीत. दुसरीपासून जिल्हा परिषदेत टाकला, आता झाडासारखा सरळ चाललाय. शाळेची इमारतच पडकी असेल तर मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे.

पऱ्हाटी_दर्यापूर
ताई, शाळा नाही हो. जुनं, पोर्तुगीजांच्या काळातलं. अर्धा मनोरा उभा आहे तो. फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. गाडी जाते का एवढंच सांगा कोणीतरी.

रूळवेडा
दर्यापूरहून जाणार म्हणजे अकोला किंवा बडनेऱ्याहून बसा. नागपूर-मडगाव स्पेशल आठवड्यातून दोनदा असते, तारखा मात्र पाहून घ्या, स्पेशलचं काही खरं नसतं. मडगावपर्यंत जाऊच नका, करमळीला उतरा. जुनं गोवं तिथून हाकेच्या अंतरावर आहे. शकुंतला, आपली छोटी नॅरोगेज गाडी, सुरू असती तर दर्यापुरातूनच बसून मूर्तिजापूरला गाडी बदलता आली असती. पण आपल्या नशिबी आता नुसते गंजके रूळ.

संत्राबर्फी
अमरावती एक्सप्रेस थेट वास्कोला जाते ना? तिने जा.

रूळवेडा
@संत्राबर्फी, हात जोडतो. ती अमरावती आंध्रातली. गाडी हावड्याकडून विजयवाडा, गुंटूर, हुबळी करत वास्कोला जाते, आपल्या अंबादेवीच्या अमरावतीशी तिचा काडीचा संबंध नाही. दरवर्षी कोणीतरी नावावर भुलते आणि बडनेऱ्याच्या चौकशी खिडकीवर भांडते.

पऱ्हाटी_दर्यापूर
तिकीट कधीचंच झालं आहे भाऊ. गाडीचं कोणी विचारलं? म्हणजे, चार चाकी वर जाते का ते विचारलं.

इतिहासाचा_किडा
तुम्ही म्हणता ते जुन्या गोव्यातलं संत ऑगस्टीनचं असणार. आधी शब्द नीट करू. ते कॉन्व्हेंट नव्हे. कॉन्व्हेंट नन्सचं असतं. हा ऑगस्टिनियन साधूंचा मठ आणि त्याला लागून चर्च. नन्सचं कॉन्व्हेंट म्हणजे समोरचं सांता मोनिका, १६०६ ते १६२७ मध्ये बांधलेलं, आणि ते आजही धडधाकट उभं आहे. ऑगस्टिनियन गोव्यात आले १५७२ मध्ये. मनोरा १६०२ चा, जवळजवळ ४६ मीटर उंच. असे चार मनोरे होते, त्यातल्या एकाचा अर्धा भाग आज उरला आहे.

पणजीतला_यवतमाळकर
@किडा, पोर्तुगीज भाषेत 'कॉन्व्हेंतो' साधूंचं असो की साध्वींचं, दोन्हीला चालतं. युनेस्कोने १९८६ मध्ये यादीत घेतलं तेही 'गोव्याची चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स' म्हणूनच. धागाकर्त्याचा शब्द बरोबर आहे, उगाच कान पिळू नका.

दर्यापूरकर, गाडी वर जाते. बॅसिलिकाच्या (सेंट झेवियरचं शव ठेवलेलं मोठं चर्च) बाजूने जो चढ लागतो तो सांता मोनिकाच्या दारापर्यंत डांबरी आहे. चालत चढलं तर दहा मिनिटं. वरच्या पायऱ्या काही फार नाहीत, पण आतली जमीन खालीवर आहे, फरशीत जुन्या कबरींचे दगड आहेत, पावसानंतर शेवाळ असतं. मी गेलो तेव्हा तिकीट नव्हतं. आता तुम्ही सांगा: कधी येताय? बाबांचं वय काय? चालतात कसे? आणि पाहायचं नेमकं काय आहे? यातलं एकही तुम्ही लिहिलेलं नाही.

वसईचा_जावई
मुळात गोवा कशाला? विदर्भ एक्सप्रेसने दादर, तिथून विरार लोकल, वसई रोडला उतरायचं, की किल्ला. डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, जेझुइट सगळ्यांचे पडके मठ एका किल्ल्यात. सपाट जमीन, चढाव नाही, म्हाताऱ्या माणसाला एकदम सोयीचं. वरून चिमाजीअप्पांची १७३९ ची फत्ते. छाती फुगते. गोव्यात काय पाहाल, पोर्तुगीजांनी स्वतःच मोडू दिलेलं?

शंभूभक्त_वाशीम
ऑगस्टीनचं मराठ्यांनीच पाडलं असं ऐकून आहे. छत्रपती संभाजी महाराजांनी.

इतिहासाचा_किडा
नाही. महाराजांनी नोव्हेंबर १६८३ मध्ये जुवे बेटाचा किल्ला घेतला, पोर्तुगीजांच्या तोंडचं पाणी पळवलं. व्हाइसरॉयने सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड नेऊन ठेवला, ते याच धामधुमीत. पण या मठाला त्यात धक्का लागलेला नाही. मठ मेला सरकारी कागदाने. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले धर्मसंघ बंद केले, साधू गेले, इमारत ओस पडली. १८४२ मध्ये मधली कमान-छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला, १९३८ पर्यंत आणखी पडझड. जांभा दगड पाणी पितो, वरचा चुन्याचा गिलावा सांभाळला नाही तर आतून भुसभुशीत होतो. आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या आठवा, माणूस राहणं बंद झालं की चार पावसाळ्यात खचतात.

शंभूभक्त_वाशीम
म्हणजे आम्ही पाडलं नाही म्हणता. ठीक आहे.

वऱ्हाडी_ठेचा
वाशीमकर नाराज झाले बाप्पा 😄

पऱ्हाटी_दर्यापूर
@यवतमाळकर धन्यवाद, तुम्ही एकटेच कामाचं बोलून राहिले. २ डिसेंबरला संध्याकाळी मडगावला उतरतो. साळा वेर्ण्याला नोकरीला आहे, त्याच्या पोरीचं बारसं ४ तारखेला. म्हणून ३ तारीख मोकळी, गाडीवाला सकाळी ९ ला येईल. बाबा ७४ वर्षांचे, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, काठी घेऊन चालतात. त्यांना घंटा पाहायची आहे.

पणजीतला_यवतमाळकर
३ डिसेंबर! अहो, ३ डिसेंबरला सेंट झेवियरचं फेस्त असते. गोंयचो सायब म्हणतात इथे त्याला. त्या दिवशी बॅसिलिकासमोर मांडव, पहाटेपासून मिस्सा म्हणजे चर्चची प्रार्थना, अख्खा गोवा तिथे लोटतो, रस्ते वळवलेले असतात. आपल्या शेगावचा प्रगटदिन डोळ्यासमोर आणा आणि त्यात गाडी घेऊन थेट मंदिराच्या दारात जायचं म्हणा. वर गाडी जाते हे माझं वाक्य त्या दिवसापुरतं विसरा. हेच तारीख आधी लिहिली असती तर तीस प्रतिसाद वाचले असते.

वसईचा_जावई
घंटा पाहायची तर मी म्हणतो तेच, वसई. नाहीतर नाशिक, तुमची गाडी तशीही नाशिक रोडवरून जाते. नारोशंकराची घंटा! वसईच्या विजयाचीच खूण आहे ती. भीमाशंकरला एक आहे, तिच्यावर १७२९ सालचा आकडा आहे. मेणवलीला एक. सगळ्या पोर्तुगीजांच्या, सगळ्या आपल्या देवळात.

संत्राबर्फी
नारोशंकराची घंटा म्हटल्यावर आमच्या आत्याची आठवण झाली. घरात शिरायच्या आधी गल्लीच्या तोंडाशीच ऐकू यायची.

पऱ्हाटी_दर्यापूर
फेस्ताचं माहीत नव्हतं, साळ्याने पण सांगितलं नाही. तो कंपनीतून घरी नि घरून कंपनीत, त्याला काय ठाऊक.

नाशिकची घंटा नको हो. बाबांना त्या पडक्या मनोऱ्याचीच पाहायची आहे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिपाई होते. आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, लिंबाला तारेने टांगलेला. रोज तो वाजवायचे. एक हेडमास्तर होते, त्यांनी सहलीत गोवा पाहिला होता. त्यांनी बाबांना सांगितलं की तिकडे एक मनोरा आहे, त्याची घंटा मनोरा पडायच्या आधीच काढून नेली म्हणून वाचली. तेव्हापासून बाबांच्या डोक्यात ते बसलं आहे. आम्ही बारशाला चाललो म्हटल्यावर पहिलं तेच विचारलं. मी म्हटलं चला, मनोऱ्यावर दाखवतो.

इतिहासाचा_किडा
मास्तर पक्के होते. पण मनोऱ्यावर घंटा नाही. काढून नेली ना! १८४१ मध्ये आग्वादच्या दीपगृहावर नेली, म्हणजे छत कोसळायच्या वर्षभर आधी. १८७१ मध्ये तिथून पणजीच्या चर्चवर, इमॅक्युलेट कन्सेप्शन. आजही तिथेच आहे. गोव्यातल्या मोठ्या घंटांमध्ये ती दुसरी, पहिली से कॅथेड्रलची, जिला सोन्याची घंटा म्हणतात.

भटक्या_परतवाडा
आग्वादला आहे ना ती? आम्ही २०१६ ला गेलो तेव्हा गाइडने सांगितलं होतं.

इतिहासाचा_किडा
गाइडने १८७१ नंतरचं वाचलेलं नसेल.

भटक्या_परतवाडा
आम्ही त्याला दोनशे रुपये दिले होते.

बाय द वे, पडकं पाहायचं तर गाविलगड पाहा. दर्यापूरहून चिखलदरा किती लांब आहे? डिसेंबर १८०३ ला वेलस्लीने घेतला. एवढ्या मोठ्या किल्ल्यावर चिटपाखरू नसते. गोव्याला जाणारे आपल्या घरचं बघत नाहीत.

पणजीतला_यवतमाळकर
परतवाडेकर, त्यांच्या बाबांना गाविलगड चढवता का गुडघ्याच्या ऑपरेशनवर?

दर्यापूरकर, ऐका. तुमचं काम सोपं झालं. पणजीचं ते चर्च शहराच्या मधोमध आहे. समोर नागमोडी पांढऱ्या पायऱ्या आहेत, त्या चढायची गरजच नाही. घंटा मधल्या उंच भागात बाहेरून दिसते, खाली चौकात उभं राहून मान वर केली की झालं. बागेपाशी बसायला जागा आहे, बाबांना तिथे बसवा. आणि ऐकायचीच असेल तर मिस्साच्या वेळा आत फलकावर असतात, त्याच्या थोडं आधी पोहोचा. मी रोज ऑफिसातून निघताना तिच्या खालून जातो. गाडीच्या हॉर्नमध्ये पण ऐकू येते.

३ तारखेला पणजी करा, जुन्या गोव्याकडे वळू नका. पडका मनोरा दुसऱ्या दिवशी. परतीची गाडी कधी आहे?

पऱ्हाटी_दर्यापूर
५ तारखेला रात्री.

पणजीतला_यवतमाळकर
म्हणजे ५ चा अख्खा दिवस मोकळा आहे? हे आत्ता सांगता?

पऱ्हाटी_दर्यापूर
तो मोकळा नाही ना. बायको कळंगुट म्हणते.

सौ_मंदा_कारंजा
कळंगुटला पाण्याशिवाय काय आहे? बायकोला सांगा, सासऱ्यांच्या मनासारखं झालं तर वर्षभर बोलणी वाचतात. सकाळी आठला मनोरा, दहाला समुद्र. मीही तेच केलं असतं.

वऱ्हाडी_ठेचा
मंदाताई शाळेतून गोव्यात पोचल्या, लय भारी.

पणजीतला_यवतमाळकर
ताई बरोबर बोलल्या. ५ ला सकाळी आठ-साडेआठला वर जा, फेस्ताचा मांडव अर्धा उतरलेला असेल, गर्दी नसेल. गाडी सांता मोनिकाच्या दाराशी लावा. बाबांना अगदी मनोऱ्याच्या पायथ्याशी नेऊ नका, वरून दगड सुटतात, शिवाय तिथली जमीन काठीला धार्जिणी नाही. जिथे जुनं छत होतं त्या मोकळ्या जागेत उभं केलं तरी सगळं दिसते, आठही बाजूंनी आभाळ. बूट घाला, चप्पल नको. दोन तास पुष्कळ झाले, त्यातला अर्धा तास तुम्ही फोटोत घालवाल.

इतिहासाचा_किडा
वर गेलात तर बाबांना हेही सांगा. तिथे जॉर्जियाच्या एका राणीचे अवशेष होते, केतेवान. १६२४ मध्ये शिराझला शाह अब्बासच्या हुकुमाने तिला मारलं. ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गोव्याला आणून याच मठात ठेवले. पुरातत्त्व खात्याला ते उत्खननात सापडले, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनएवरून खात्री झाली आणि २०२१ मध्ये त्यातला काही भाग भारताने जॉर्जियाला दिला. लोकं मनोऱ्यापुढे सेल्फी काढतात आणि खाली नुसते दगड म्हणून चालू लागतात.

वसईचा_जावई
वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला हुतात्मा झाला, १८६२ मध्ये संत झाला. कोणी विचारत नाही म्हणून सांगितलं.

इतिहासाचा_किडा
खरंच कोणी विचारलं नव्हतं.

पऱ्हाटी_दर्यापूर
गाडीवाल्याला फोन केला. ३ ला पणजी, ५ ला सकाळी सातला वेर्ण्याहून निघायचं, आधी मनोरा, मग कळंगुट. ५ चे तो हजार रुपये जास्त मागते. बाबांना सांगितलं घंटा मनोऱ्यावर नाही, दुसरीकडे आहे. म्हणे, ते मले मालूम आहे, नेलीच होती ना काढून. मास्तर सांगत होते. मग मी काय तीन दिवसांपासून इथे डोकं लावून राहिलो?

आता एकच विचारतात: वाजवायला देतात का?

पणजीतला_यवतमाळकर
नाही देत. पण दोरी ओढणारा जो माणूस असतो त्याच्याशी बोलायला मिळालं तर बघा. तुम्ही ३ ला चौकात पोचले की मला इथे निरोप टाका, मी ऑफिसातून खाली येतो. कोकणी मी बोलतो.

रूळवेडा
तुमच्या शाळेच्या लिंबाला टांगलेला तो रूळ शकुंतलेचा होता का? नॅरोगेजचा रूळ हलका असतो, आवाज वेगळा येतो. वजन माहीत असेल तर लिहा.

पऱ्हाटी_दर्यापूर
बाबा म्हणतात शकुंतलेचाच. वजन केलं नाही.

संत्राबर्फी
काजू मडगावला स्वस्त मिळतील का पणजीला?