हॉटेलपेक्षा आधी तिकिटावरचं गेट बघा

'सिंगापूर ग्रां प्रीला (फॉर्म्युला वन मोटार शर्यतीला) ट्रॅकला लागूनच खोली घ्या, पैसे गेले तरी चालतील' असा सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही. मरीना बेचा ट्रॅक म्हणजे एरवीचे शहराचे रस्तेच. शर्यतीच्या दिवसांत ते बंद असतात, त्यामुळे टॅक्सी दारापर्यंत येईलच असं नाही. आणि सराव संपला तरी सपोर्ट रेसेसचा (मुख्य शर्यतीच्या जोडीला होणाऱ्या छोट्या शर्यतींचा) आवाज असतोच.

आम्ही लिटल इंडियात राहिलो होतो. तिथून मेट्रोच्या डाउनटाउन लाइनने ट्रॅकजवळचं प्रॉमनाड तिसरं स्टेशन, गाडी बदलायची नाही. पिट ग्रँडस्टँड (गाड्यांच्या पिटसमोरची प्रेक्षक गॅलरी) आणि फ्लायर या मोठ्या पाळण्याच्या बाजूचं तिकीट असेल तर हे उत्तम. पण पाडांग मैदानाच्या बाजूचं (तिकिटावर झोन ४) तिकीट असेल तर सिटी हॉल स्टेशन सोयीचं, मग नॉर्थ-साउथ किंवा ईस्ट-वेस्ट लाइनवरचं हॉटेल बघा. म्हणून आधी तिकीट, मग खोली.

मुख्य शर्यत रात्री ८ ला सुरू होते, बाहेर पडेपर्यंत अकरा सहज वाजतात. त्या वेळी लिटल इंडियात गरम डोसा मिळाला, सोबत शाकाहारी आई-बाबा होते, त्यांना त्याचं फार समाधान वाटलं. सिटी हॉलला मात्र तेव्हा प्रचंड गर्दी असते, वयस्कर माणसं बरोबर असतील तर अर्धा तास थांबूनच निघा.