'हू डू यू थिंक यू आर?' : अशा वाक्यांचं व्याकरण कसं लावायचं?

नवखी_अनुवादक
इंग्रजी संवाद मराठीत आणताना काही प्रश्न अडतात. उत्तर कुणाला नकोच असतं हे कळतं, पण रचना नेहमीच्या प्रश्नासारखी नसते. 'हाऊ डेअर ही टॉक टू मी लाइक दॅट?' यात 'डेअर्स' का नाही, आणि 'डज' कुठे गेलं? शीर्षकातल्या वाक्यात शेवटी 'आर यू' का नाही? 'व्हाय बॉदर?'चा कर्ता कोण? शिवाय 'मला काय माहीत?'ला 'व्हॉट डू आय नो?' चालेल का?

शब्दखोर
'डेअर' इथे 'कॅन', 'मस्ट' यांच्या रांगेतलं सहायक क्रियापद आहे. म्हणून 'एस' नाही, 'डू-डज' नाही, आणि पुढचं क्रियापद 'टू'शिवाय. एरवी हल्ली ते बहुधा साध्या क्रियापदासारखं चालतं ('ही डझन्ट डेअर टू आस्क'), पण 'हाऊ डेअर'मध्ये जुनी चाल घट्ट बसली आहे.

'हू डू यू थिंक यू आर?'मध्ये कर्ता-क्रियापदाची अदलाबदल 'डू यू थिंक'मध्येच उरकली. 'यू आर' हे पोटवाक्य, तिथे क्रम सरळच राहतो. मराठीत बिनधास्त 'स्वतःला समजतोस कोण?' करा.

'व्हाय'नंतर नुसतं मूळ क्रियापद आलं की कर्ता संदर्भातून घ्यायचा, आणि अर्थ 'कशाला करायचं, करू नये' असा. 'व्हाय वेट?' म्हणजे थांबू नका. 'नॉट' आलं की उलटं: 'व्हाय नॉट आस्क हिम?' म्हणजे विचारा की त्याला. झालेल्या गोष्टीबद्दल ही आखूड रचना चालत नाही, तिथे 'व्हाय डिड यू बॉदर?' असं पूर्ण वाक्य लागतं.

वाक्यवैद्य
'व्हॉट डू आय नो?' नको! ते आपलं मत मांडून झाल्यावर येतं: 'अर्थात, मला काय कळतंय म्हणा.' कधी नम्रपणे, बरेचदा खोचकपणे. वैतागून झटकलेलं 'मला काय माहीत?' म्हणजे 'हाऊ शुड आय नो?', आणि त्यात जोर 'आय'वर.

उलट दिशेचा सापळा आपल्या 'कुठे'चा. 'मी कुठे नाही म्हणतोय?' यात जागा विचारलेलीच नाही, म्हणून 'व्हेअर अॅम आय सेइंग नो?' हास्यास्पद होतं. 'डिड आय से नो?' पुरे. 'मी असं कधी म्हणालो?' मात्र सरळ 'व्हेन डिड आय से दॅट?' होतं.

तिरकस_प्रश्न
होकारार्थी प्रश्न नकार सांगतो, नकारार्थी प्रश्न होकार. 'हू केअर्स?' : कुणालाच पडलेली नाही. 'हू डझन्ट लाइक मँगोज?' : सगळ्यांनाच आवडतात. मराठीतही हेच, त्यामुळे अनुवादात प्रश्न प्रश्नच ठेवता येतो.

खरा प्रश्न की टोमणा, हे ओळखायला वाक्याआधी 'आफ्टर ऑल' लावून पाहा. नीट बसलं तर टोमणा. 'बाय एनी चान्स' बसलं तर खरोखर विचारलंय. आणखी एक खूण म्हणजे नकारातच वावरणारे वाक्प्रचार. 'डिड ही एव्हर लिफ्ट अ फिंगर?'मधला 'लिफ्ट अ फिंगर' साध्या होकारार्थी विधानात सहसा येत नाही, म्हणून उत्तर 'नाही' हे गृहीतच. आपल्याकडे जोडी तयार आहे: 'त्याने कधी इकडची काडी तिकडे केली?'

नवखी_अनुवादक
'आफ्टर ऑल'ची युक्ती लगेच वापरते. 'हाऊ कम'ही याच गटात का? तिथेही 'डिड' दिसत नाही.

शब्दखोर
नाही, तो बहुधा खराच प्रश्न असतो, कारण हवं असतं. तो मुळात 'हे कसं घडलं की…' अशा लांब रचनेचा आखडलेला अवशेष. 'कम'नंतरचा भाग पोटवाक्य ठरतो, म्हणून 'हाऊ कम ही लेफ्ट?' बरोबर आणि 'हाऊ कम डिड ही लीव्ह?' चूक. 'व्हाय'मध्ये मात्र 'डिड' लागतंच. मराठीत 'तो कसा काय गेला?' छान बसतं. अर्ज-विनंतीच्या पत्रात 'हाऊ कम' नको, बोलण्यातच शोभतं.