मदत हवी आहे: व्हायटलमध्ये 7 मात्रांचा एलएफओ कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी. झाडीपट्टीतल्या एका नाटकाचं पार्श्वसंगीत करतोय, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आणि व्हायटल या सिंथ प्लगिनच्या फुकट आवृत्तीवर. पॅडच्या (लांब, मऊ सुरांचा आवाज) फिल्टर कटऑफला, म्हणजे आवाजाचा तीक्ष्णपणा ठरवणाऱ्या नॉबला, एलएफओ (नॉब ठरावीक फेरीने आपोआप हलवणारा भाग) जोडलाय. त्याची एक फेरी रूपक तालाच्या एका आवर्तनाएवढी, म्हणजे 7 मात्रांची हवी (एक मात्रा म्हणजे एक बीट).

दादऱ्याला अडलं नाही: एलएफओचा वेग टेम्पो डॉटेडमध्ये (लयीशी जोडलेला, दीडपट लांबीचा पर्याय) 1/1 ठेवला की बरोबर 6 मात्रा. सातसाठी तसा पर्याय दिसत नाही. सेकंदांत ठेवून पाहिलं. 105 बीपीएमला (मिनिटाला 105 बीट) 4 सेकंद, चपखल. पण प्रवेशाच्या शेवटी लय 120 पर्यंत चढते आणि सगळं सरकतं. रीपरमध्ये हाताने ऑटोमेशन (नॉब कधी किती हलवायचा याची रेघ) काढून जमतं, मात्र आकार बदलायचा म्हटलं की पुन्हा सगळी आवर्तनं. डोकं उठतं!

एलएफओचा मोड 'सिंक'च आहे. 'ट्रिगर'मध्ये प्रत्येक सुराला फेरी नव्याने सुरू होते, ती नको. लॅपटॉप 4 जीबीचा, विकतचं प्लगिन परवडणार नाही. गावात रेंज धड नसते, तेव्हा व्हिडिओपेक्षा लिहून सांगाल तर बरं.

टेम्पोबरोबर आपोआप बदलणारी 7 मात्रांची फेरी व्हायटलमध्येच करता येते का, की रीपरच्या पॅरामीटर मॉड्युलेशनकडे (प्लगिनचा नॉब रीपरमधूनच आपोआप हलवायची सोय) वळू?