नेपाळची सीमा बंद करा म्हणणाऱ्यांशी जरा बोलायचंय

हापूसवाला: परवा गावच्या ग्रुपवर एकाने टाकलं की नेपाळला व्हिसा लावा, कोणीही येतं कोणीही जातं. आमची रत्नागिरीजवळ कलमांची बाग आहे, दिवाळी झाली की राखणीला नेपाळी माणसं येतात ती पाऊस लागेपर्यंत खोपीत राहतात, फवारणी, काढणी, दिवसा माकडं, रात्री चोर, सगळं तेच बघतात. ही माणसं चोरून आलेली नाहीत हो. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री तहातल्या सातव्या कलमाने दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांकडे राहायची, फिरायची, धंदा करायची मोकळीक दिलीय. सीमेवरच्या गावांत तर रोटी-बेटीचा व्यवहार आहे. ज्या शेजाऱ्याची पोरं आपल्याकडे कमावून घर चालवतात तो शेजारी आपला वैरी कशाला होईल? माझ्या मते उघडी सीमा हीच आपली सुरक्षा आहे.

जुना फौजी: दादा, तुमच्या राखणदारांबद्दल काहीच म्हणणं नाही, पण १९९९ चं विमान अपहरण विसरलात का, आयसी ८१४ काठमांडूहूनच सुटलं होतं. २०१३ ला इंडियन मुजाहिदीनचा दहशतवादी यासिन भटकळ पकडला तोही नेपाळ सीमेजवळ. सुमारे १७५० किलोमीटरची सीमा, एसएसबीचे, म्हणजे सशस्त्र सीमा बलाचे, जवान २००१ पासून तिथे आहेत, पण शेताच्या बांधावरून पलीकडे जाणाऱ्याला अडवणार कसं आणि कुठे कुठे? विमानाने जाताना पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड दाखवावं लागतं, मग रस्त्याने का नको? व्हिसा नको, पण नाक्यावर नोंद झालीच पाहिजे.

हापूसवाला: काका, अपहरण करणारे विमानतळाच्या तपासणीतून हत्यारं घेऊन चढले, त्यात उघड्या सीमेचा काय संबंध? आणि भटकळ सापडला ना! अशी माणसं सापडतात ती दोन्हीकडच्या पोलिसांचं एकमेकांशी पटतं म्हणून. व्हिसा लावून शेजारी दुखावला की पहिली खबर बंद होते.

पूर्वी काठमांडूत: मी २०१५ ला तिथे नोकरीला होते. एप्रिलमध्ये भूकंप, सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना, आणि लगेच मधेशींच्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या तराईतल्या लोकांच्या, आंदोलनात सीमेवरून मालच येईना. महिनोन्महिने गॅस नाही, आम्ही गच्चीवर विटा मांडून लाकडावर भात शिजवायचो. शेजारच्या आजी रोज एकच विचारायच्या, भारताने असं का केलं? नाकेबंदी आम्ही केलेली नाही असं आपलं सरकार म्हणत होतं, पण त्या आजींना ते कसं पटवणार? हापूसवाले दादा, तुम्ही म्हणता तशी माया आपोआप टिकत नाही. आणि उघडी सीमा म्हणजे आपण केलेले उपकार असंही समजू नका, तिथेही १९५० चा तह असमान आहे म्हणणारे खूप आहेत. हा तह आणि एकूण संबंध तपासायला दोन्ही सरकारांनी नेमलेल्या मान्यवरांच्या गटाने २०१८ ला अहवाल तयार केला, तो वर्षानुवर्षं पडून राहिला. आधी तो उघडा, मग सीमेचं बोला.

सिलीगुडीकर: एक राहिलंच. दार्जिलिंग, सिक्कीमचे नेपाळी बोलणारे लाखो लोक भारतीय आहेत. १९९२ ला कोकणी आणि नेपाळी एकाच दुरुस्तीने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, आल्या. व्हिसा लावलात की चेहरा बघून त्यांनाच पहिलं अडवणार, आताच त्यांना पुण्या-मुंबईत 'कधी आलात नेपाळहून' असं विचारतात. फार लागतं हो ते.

जुना फौजी: ताई, २०१५ चं मान्य. पण नोंदीचा मुद्दा मी सोडत नाही. दादा, तुमच्या राखणदारांची नोंद केलीत का ठाण्यात?

हापूसवाला: दरवर्षी करतो काका. गेल्या वर्षीचं सांगतो. आमचा राखणदार नेपाळच्या नागरिकतेचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून घेऊन आला होता. ठाण्यातल्या फॉर्मवर आधार नंबरचाच रकाना. दोन खेपा झाल्या, तिसऱ्यांदा मी भांडलो तेव्हा कुठे घेतला. बँकेचंही तेच, एका शाखेने खातं दिलं नाही म्हणून पगार रोखीत. त्यात २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने आपल्या शंभरावरच्या नोटा बंद केल्या, तर पुढच्या मे महिन्यात बाबा शंभराची बंडलं गोळा करत हिंडले आणि ही माणसं ती कमरेला बांधून उत्तराखंडातल्या सीमेवरच्या बनबशापर्यंत रात्रभर जागी बसून गेली. खातं असतं तर पैशांची आणि माणसाची दोघांची नोंद आपोआप झाली असती की नाही? नोंदीला ना मी नाही म्हणत, ना ते. कार्ड घेऊन ते स्वतः येतात, त्या कार्डासाठी फॉर्मवर एक रकाना द्या.