सेवेसो-३ : दोन्ही रसायने वरच्या मर्यादेखाली, तरीही कारखाना वरच्या स्तरात जाईल का?

प्रश्न

नमस्कार. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत सुरक्षा अधिकारी म्हणून काम केल्यावर आता मी जर्मनीतील एका मध्यम आकाराच्या रसायन कारखान्यात त्याच विभागात आहे. आमच्याकडे एक टनी ड्रममध्ये जास्तीत जास्त १८ टन क्लोरीन असते आणि आता ६० टन निर्जल अमोनियाची नवी टाकी उभारायची आहे. मोठे रासायनिक अपघात टाळण्यासाठीच्या युरोपीय संघाच्या सेवेसो-३ निर्देशात क्लोरीनसाठी १० व २५ टन आणि अमोनियासाठी ५० व २०० टन अशा मर्यादा दिल्या आहेत; पहिली गाठली की कारखाना खालच्या स्तरात आणि दुसरी गाठली की अधिक कडक नियमांच्या वरच्या स्तरात जातो. दोन्ही रसायने पहिली मर्यादा ओलांडतात, पण दुसरी एकही गाठत नाही. त्यामुळे कारखाना खालच्या स्तरातच राहील, आणि स्तर बदललाच तरी सुरक्षा अहवाल द्यायला दोन वर्षे मिळतील, असे प्रकल्प विभागाचे म्हणणे आहे. मला दोन्ही मुद्द्यांबद्दल शंका आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

आपली शंका रास्त आहे. एकाच प्रकारचा धोका असलेल्या पदार्थांची बेरीज करावी, असे पहिल्या परिशिष्टाच्या टिपांमध्येच म्हटले आहे. प्रत्येक पदार्थाच्या साठ्याला त्याच्या वरच्या मर्यादेने भागायचे आणि येणारे अपूर्णांक मिळवायचे. बेरीज १ किंवा त्याहून अधिक आली की कारखाना वरच्या स्तरात जातो. क्लोरीनचे १८ भागिले २५ म्हणजे ०.७२ आणि अमोनियाचे ६० भागिले २०० म्हणजे ०.३०, एकूण १.०२. दोन्ही वायू श्वासावाटे विषारी आहेत आणि जलचरांनाही घातक आहेत, त्यामुळे आरोग्य आणि पर्यावरण या दोन्ही गटांत हीच बेरीज येईल. हिशेब सरासरी साठ्याचा नसून कोणत्याही क्षणी असू शकणाऱ्या कमाल साठ्याचा असतो. अर्धवट वापरलेले किंवा परत पाठवायचे म्हणून बाजूला ठेवलेले ड्रमही त्यात धरावेत, कारण त्यांच्या तळाशी क्लोरीन उरलेला असतो.

उत्तर २

दोन वर्षांच्या मुदतीबद्दल प्रकल्प विभागाचा गैरसमज झालेला दिसतो. ती मुदत, उदाहरणार्थ, एखाद्या पदार्थाचे वर्गीकरण बदलल्यामुळे साठा तोच असूनही स्तर बदलतो तेव्हा लागू होते. आपण मात्र स्वतःच बदल करून साठा वाढवत आहात. असा कारखाना निर्देशाच्या व्याख्येनुसार नवा ठरतो आणि त्याचा सुरक्षा अहवाल बदल होण्याआधीच, पुरेसा अवधी ठेवून, सक्षम अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. जर्मनीत हे सर्व अपघातविषयक अध्यादेशाखाली, म्हणजे ‘श्टोरफाल-फेरॉर्डनुंग’खाली येते. टाकीची ऑर्डर देण्यापूर्वीच सक्षम अधिकाऱ्यांशी बोलून घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवीन.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. टाकी ५० टनांपर्यंतच भरली तर बेरीज ०.९७ येते. हा मार्ग वैध ठरेल का?

उत्तर ३

ठरू शकतो, पण कार्यपद्धतीच्या कागदावर ‘५० टनांपेक्षा जास्त भरू नये’ असे लिहून भागणार नाही. ती मर्यादा परवान्यात हवी, आणि पातळी तिथे पोहोचताच टँकरकडून येणाऱ्या नळीची झडप आपोआप बंद होईल अशी व्यवस्थाही हवी. माझ्या मते त्याहून चांगला मार्ग क्लोरीनचा साठा कमी करण्याचा आहे. पुरवठादाराच्या फेऱ्या वाढवून तो १५ टनांवर आणला, तर ६० टन अमोनिया धरूनही बेरीज ०.९० होते आणि मोठ्या अपघातात बाहेर पडू शकणारा एकूण विषारी वायूही खरोखरच कमी होतो. मात्र फेऱ्या वाढल्या की ड्रम चढवण्या-उतरवण्याची कामे वाढतात, म्हणून जोखमीच्या अभ्यासात तेही मोजावे.

वरच्या स्तराकडे केवळ वाढीव कागदपत्रे म्हणून पाहू नये, हेही मला कळकळीने सांगावेसे वाटते. त्या स्तरात सुरक्षा अहवालाचा किमान दर पाच वर्षांनी फेरविचार होतो, तपासणी साधारणपणे दरवर्षी होते, आणि मुख्य म्हणजे कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठी आपत्कालीन योजना प्रशासनाला करावी लागते व किमान दर तीन वर्षांनी तिची चाचणी घ्यावी लागते. १० जुलै १९७६ रोजी इटलीत सेवेसोजवळच्या मेदा येथील कारखान्यातून डायॉक्सिन बाहेर पडले, तेव्हा सर्वाधिक बाधित भागातील कुटुंबांना घरे सोडायला लावेपर्यंत दोन आठवडे उलटले होते. आपल्या कुंपणापासून सर्वांत जवळची वस्ती किती अंतरावर आहे, हे कळवाल का? साठा कमी करायचा की वरचा स्तर स्वीकारायचा, याबद्दलचे माझे मत त्यावरही अवलंबून राहील.